दोन बेटांमधले २,२८० किलोमीटर

बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही, पण जिल्ह्यावरून विमाने दिवसरात्र जातात. पृथ्वीगोलावर मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला, तर तो चिखली आणि मेहकर यांच्या मधून जातो. मुंबई–कोलकाता असा ताणला, तर लोणारच्या सरोवराला जवळजवळ खेटून जातो. प्रत्यक्ष विमाने हवाई मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूंवरून जातात, त्यामुळे दोऱ्यापासून थोडी इकडेतिकडे होतात. तरी जिल्हा ओलांडायला त्यांना सहा-सात मिनिटेच लागतात. एवढ्या वेळात बुलढाण्याच्या स्टँडवरून सुटलेली एसटी गावाबाहेरही पडलेली नसते.

हे ऐकले की वाटते, विमानप्रवासात अंतराला काही अर्थच उरला नाही. पण अंतर आणि वेळ यांचा हिशेब इतका सरळ नाही. तो नीट समजून घ्यायला मी एक असा मार्ग निवडला आहे, ज्याने आपल्या भागातली पुष्कळ कुटुंबे एकदा तरी जातात किंवा जायचे ठरवतात: मुंबई ते पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेल पाहायचे, ही मराठी घरात जुनी इच्छा असते. आणि या मार्गाचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही. त्याची दोन्ही टोके बेटांवर आहेत.

पोर्ट ब्लेअरचे ठीक. ते दक्षिण अंदमान बेटावर आहे हे सगळ्यांना माहीत असते. शहराचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. विमानतळाला सावरकरांचे नाव आहे आणि त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झाले. पण मुंबईचा सांताक्रूझ–सहारचा विमानतळही बेटावरच आहे. ते बेट म्हणजे साष्टी. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला उल्हास नदीचे मुख आणि ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला मुंबईची जुनी सात बेटे होती, ती भर घालून आणि बांध घालून एकमेकांना आणि साष्टीला जोडली गेली. माहीम आणि वांद्रे यांच्यामधला बांधरस्ता १८४५ मध्ये झाला, १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत रेल्वे आली, आणि पुढे पुलांवर पूल होत गेले. आज लोकलने ठाण्याची खाडी ओलांडताना कुणाला आपण बेटावरून मुख्य भूमीवर आलो असे वाटत नाही. नवी मुंबईचा विमानतळ, ज्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, तो मात्र मुख्य भूमीवर आहे.

आता अंतर. दोन विमानतळांमधले अंतर काढायला संगणक लागत नाही. नववी-दहावीचे गणित पुरते, आणि मुलांना हे एकदा हाताने करून दाखवावे असे मला मनापासून वाटते. लागतात फक्त अक्षांश आणि रेखांश. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. पोर्ट ब्लेअरचा ११.६४ उत्तर, ९२.७३ पूर्व. अक्षांशांतला फरक ७.४५ अंश, रेखांशांतला १९.८६ अंश.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर, कुठेही मोजा. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याला ३६० ने भागले की हा आकडा येतो. रेखांशाचे तसे नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर सर्वांत दूर असतात आणि ध्रुवांकडे जाताना जवळ येत येत एका बिंदूत मिळतात. म्हणून एका रेखांशाचे किलोमीटर अक्षांशाप्रमाणे बदलतात: विषुववृत्तावर १११, बुलढाण्याच्या अक्षांशावर १०४, आणि आपल्या या मार्गाच्या मध्यावर, म्हणजे १५.४ अंशांवर, १०७. हा १०७ आला कुठून, तर १११ ला १५.४ अंशांच्या कोसाइनने गुणून.

उत्तर-दक्षिण बाजू: ७.४५ गुणिले १११, म्हणजे ८२७ किलोमीटर. पूर्व-पश्चिम बाजू: १९.८६ गुणिले १०७, म्हणजे २,१२५ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या, पायथागोरसने कर्ण काढा. उत्तर येते २,२८०. गोलावरच्या त्रिकोणमितीने काटेकोर काढले तर येते सुमारे २,२८२. वहीच्या एका पानावरच्या गणितात दोन किलोमीटरांचा फरक पडला, एवढेच.

सपाट गणित इथे इतके जुळले याला कारण आहे. विषुववृत्ताजवळ, दोन-अडीच हजार किलोमीटरांपर्यंत, पृथ्वीची गोलाई फारशी आड येत नाही. होकायंत्राची एकच दिशा धरून मुंबईहून पोर्ट ब्लेअरला गेले, तर गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा जेमतेम एक किलोमीटर जास्त पडतो. हेच मुंबई–न्यूयॉर्कला करून पाहा. सर्वांत जवळची वाट सुमारे १२,५३० किलोमीटर, आणि एकच दिशा धरून गेलात तर १४,२०० च्या वर. म्हणूनच अमेरिकेला निघालेले विमान आधी उत्तरेकडे चढते आणि नकाशावर त्याची वाट कमानीसारखी दिसते. नकाशा सपाट असल्यामुळे सरळ वाट वाकडी दिसते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की शंका राहत नाही.

हा दोरा मुंबई–पोर्ट ब्लेअरमध्ये ताणला तर कुठून जातो, हे मी अक्षांश-रेखांश मांडून काढले, आणि त्यात मला फार आनंद झाला. तो तुळजापूरच्या चार-पाच किलोमीटर उत्तरेकडून जातो. मग थेट हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून. मग विजयवाड्याच्या अगदी जवळून. कृष्णेच्या मुखापाशी, मच्छलीपट्टणमजवळ, तो किनारा सोडतो. तिथून पुढे पोर्ट ब्लेअरपर्यंत सुमारे १,३५० किलोमीटर फक्त बंगालचा उपसागर. ना बेट, ना खडक.

या १,३५० किलोमीटरांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण बेटावरच्या विमानतळाचे वेगळेपण इथेच आहे. दोन इंजिनांच्या विमानासाठी जुना नियम असा की, एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर तासाभरात पोहोचता येईल असा विमानतळ वाटेत कायम हाताशी हवा. त्यापेक्षा दूर जायचे तर विमान, इंजिन आणि कंपनीची देखभाल या सगळ्यांची वेगळी परीक्षा होऊन खास मान्यता मिळावी लागते. आपल्या मार्गाच्या समुद्रातल्या मध्यबिंदूपासून दोन्ही टोके सुमारे ६७५ किलोमीटर पडतात. एका इंजिनावर विमान हळू आणि खालून उडते, हे लक्षात घेतले तर ही तासाभराची मर्यादा इथे अगदी काठाला येते.

दुसरी अडचण इंधनाची. मुंबईहून नागपूरला निघालेल्या विमानाला नागपुरात धुके लागले, तर रायपूर, हैदराबाद, संभाजीनगर असे पर्याय असतात. पोर्ट ब्लेअरवर ढग उतरले तर? चेन्नई १,३७० किलोमीटर मागे, कोलकाता १,३०० किलोमीटर उत्तरेला. परदेशात म्यानमारचे यांगून सातशेच्या आत आणि थायलंडचे फुकेत सव्वासातशेच्या आसपास. म्हणजे बेटावर जाणाऱ्या विमानाला, बेटावर उतरता आले नाही तर दूरवर जाता येईल एवढे इंधन निघतानाच सोबत घ्यावे लागते. जगात काही बेटे इतकी एकाकी आहेत की पर्यायी विमानतळ ठेवणेच शक्य नसते. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, बेटावर पोहोचल्यानंतर आणखी दोन तास नेहमीच्या वेगाने उडता येईल इतके इंधन शिल्लक हवे. एअरबस ए-३२० जातीचे विमान तासाला साधारण अडीच टन इंधन जाळते. दोन तासांचे झाले पाच टन. एक प्रवासी त्याच्या सामानासह शंभर किलोचा धरला, तर हे पन्नास प्रवाशांचे वजन. बेटाचे तिकीट महाग का, याच्या उत्तराचा एक भाग या न जाळलेल्या इंधनात आहे.

वाटेत वैमानिकाने आधीच काढून ठेवलेला एक बिंदू असतो. त्या बिंदूपर्यंत परत फिरता येते. तो ओलांडला की पुढेच जायचे. पोर्ट ब्लेअरचे हवामान बिघडले म्हणून विमान अर्ध्या समुद्रातून चेन्नईला किंवा कोलकात्याला परतले, असे पावसाळ्यात घडते. प्रवासी चिडतात, ते समजण्यासारखे आहे. पण त्या दिवशी विमानात कुणीतरी हा हिशेब चोख केलेला असतो.

आता वेळेकडे येऊ. २,२८० किलोमीटर, आणि जेटचा वेग ताशी ८०० धरला, तर २ तास ५१ मिनिटे. पण थेट विमानाच्या वेळापत्रकात सव्वातीन ते साडेतीन तास असतात. मधला अर्धा तास कुठे गेला?

वेळापत्रकातली वेळ ही उड्डाणाची वेळ नसते. उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढले तेव्हापासून, दुसऱ्या टोकाला ठोकळे पुन्हा लावेपर्यंतची ती वेळ. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. विमान आपल्या जागेवरून निघून रांगेत उभे राहते आणि त्यातच पंधरा-वीस मिनिटे जातात. मग चढण. पस्तीस हजार फुटांवर जायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि त्या काळात वेग पूर्ण नसतो. उतरणीलाही तसेच. वैमानिकांचा ढोबळ आडाखा असा की, दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल आधी सुरुवात करायची. पस्तीस हजारांवरून खाली यायचे तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ २०० किलोमीटर. पोर्ट ब्लेअर अजून दिसतही नसते, खाली नुसता समुद्र असतो, आणि इंजिनाचा आवाज बारीक होतो. प्रवास संपायला तेव्हा २०० किलोमीटर उरलेले असतात.

अंतर जितके कमी, तितका हा चढ-उताराचा हिस्सा मोठा. याचे नमुनेदार उदाहरणही दोन बेटांमधलेच आहे: मुंबई–दीव. दीवचा विमानतळ दीव बेटावर, नागोव्याला आहे. दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर २७२ किलोमीटर. जेटच्या वेगाने वीस मिनिटे, पण जेट इतक्या अंतरात वर पोहोचते न पोहोचते तोच उतरायला लागेल. म्हणून अशा मार्गावर पंख्याची छोटी विमाने चालतात आणि वेळापत्रकात तासाभराचा वेळ दिलेला असतो. म्हणजे सरासरी ताशी पावणेतीनशे किलोमीटर. तरीही हा मार्ग सोन्यासारखा, कारण खंभातचे आखात मध्ये आहे. रस्त्याने सुरत, वडोदरा, भावनगर असा वळसा घालत जावे लागते आणि अंतर सातशेच्या वर जाते. पाणी आडवे असले की विमान किती वेळ वाचवते, हे महाराष्ट्रातून सर्वांत स्पष्ट इथे दिसते.

विमानाच्या वेळेत आणखी एक वाटेकरी असतो, तो म्हणजे वारा. जमिनीवर आपल्याला ताशी ८० किलोमीटरचा वारा म्हणजे वादळ वाटते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तो रोजचा असतो. वारा पाठीशी असेल तर ८०० चे ८८० होतात, समोरून असेल तर ७२०. आपल्या मार्गावर हा फरक जाता-येता असा पडतो: एका बाजूने २ तास ३५ मिनिटे, दुसऱ्या बाजूने ३ तास १० मिनिटे. जाताना गेलेला वेळ येताना परत मिळतो, असे वाटते. पण तो पूर्ण कधीच मिळत नाही. दोन्हींची बेरीज शांत हवेतल्या फेरीपेक्षा तीन-चार मिनिटांनी जास्तच भरते. वारा दुप्पट झाला, ताशी १६०, तर हा तोटा दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे चौदा मिनिटे. कारण सोपे आहे: उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते, पाठच्या वाऱ्याचा फायदा मात्र कमी वेळ घेते.

आणि आपल्या देशात हा वारा ऋतूप्रमाणे बाजू बदलतो. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे जोरात असतात. त्यांचा मुख्य झोत उत्तर भारतावर असतो. जून ते सप्टेंबरमध्ये दक्षिण भारतावर खूप उंचावर अगदी उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत तयार होतो. त्याचा अभ्यास भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी केला आणि १९५८ मध्ये तो जगासमोर मांडला. उन्हाळ्यात तिबेटचे पठार तापते, त्यामुळे वरची हवा उत्तरेकडे जास्त उबदार आणि विषुववृत्ताकडे तुलनेने थंड होते, आणि वाऱ्याची दिशा फिरते. खाली आपल्या शेतावर नैर्ऋत्येकडून पाऊस येत असतो, तेव्हा वर विमानाला समोरून पूर्वेचा वारा लागतो. म्हणून पावसाळ्यात अंदमानला जाताना वेळ जास्त आणि परतताना कमी.

वेळेबद्दल बोलताना घड्याळाचेही सांगायला हवे. बुलढाण्यात आणि पोर्ट ब्लेअरमध्ये घड्याळ एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचे. पण बुलढाणा ७६.२ अंशांवर आणि पोर्ट ब्लेअर ९२.७ वर. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. साडेसोळा अंशांची झाली ६६ मिनिटे. आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य माथ्यावर येतो, तिथे साडेअकरालाच तो कलायला लागलेला असतो. हिवाळ्यात तिथे पाचच्या आसपास अंधारून येते. अंदमानच्या सहलीत पहिल्या दिवशी संध्याकाळी फिरायचा बेत करणाऱ्यांची यामुळे हमखास निराशा होते. तिकडे पहाटे लवकर उठणे हाच उपाय.

४ जुलै १९११ ला सावरकर पोर्ट ब्लेअरला उतरले, ते मद्रासहून 'महाराजा' नावाच्या आगबोटीने. आजही चेन्नईहून प्रवासी जहाज जाते आणि अडीच-तीन दिवस घेते. त्याच पाण्यावरून विमान दोन-सव्वादोन तासांत जाते. एवढ्या मोठ्या फरकानंतर विमानाकडून आणखी काय मागायचे, असे वाटेल. पण बुलढाण्यातल्या माणसाने हिशेब आपल्या उंबरठ्यापासून करायला हवा.

बुलढाणा ते पोर्ट ब्लेअर सरळ रेषेत किती? वरच्याच पद्धतीने काढा: सुमारे २,०२० किलोमीटर. म्हणजे मुंबईपेक्षा अडीचशे किलोमीटर जवळ! तरी आपण आधी ३८० किलोमीटर पश्चिमेला, अंदमानकडे पाठ करून, मुंबईला जातो. समजा रात्री आठला घर सोडले. राजूर घाट उतरून साडेनऊला मलकापूर. साडेदहाची गाडी धरली, सकाळी सातला दादर. तिथून विमानतळ, तपासणी, वाट पाहणे. साडेदहाचे विमान, दुपारी दोनला पोर्ट ब्लेअर, सामान घेऊन बाहेर पडायला अडीच. साडेअठरा तास. २,०२० ला साडेअठराने भागले तर सरासरी येते ताशी १०९ किलोमीटर. मेहकरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे.

या साडेअठरा तासांत विमानात बसून गेले साडेतीन, म्हणजे एक पंचमांशापेक्षा कमी. उद्या दुप्पट वेगाचे विमान आले, तरी जेमतेम दीड तास वाचेल. उलट मलकापूरऐवजी संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची वाट धरली, दीडशे किलोमीटर रस्ता साडेतीन तासांत कापून तिथून मुंबईचे विमान घेतले, आणि पुढच्या विमानाशी वेळ जुळली, तर सगळा प्रवास तेरा तासांच्या आसपास बसतो. साडेपाच तास वाचले, आणि एकाही विमानाचा वेग वाढवावा लागला नाही. तिकीट काढताना विमानाच्या तासांपेक्षा आधी जमिनीवरचे तास मोजावेत, असे मी प्रत्येकाला सांगतो.

अकोल्याजवळचे शिवणी विमानतळ बुलढाण्याहून खामगावमार्गे शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे, शेगावहून तर त्याच्या निम्मेच. तिथली धावपट्टी लांबवावी, ही पश्चिम विदर्भाची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. तिथून मुंबई सरळ रेषेत ४७३ किलोमीटर. पंख्याच्या विमानाला चढ-उतार धरून सव्वा ते दीड तास. अशी रोजची सकाळची फेरी झाली, तर बुलढाण्याहून पहाटे चारला निघालेला माणूस दुपारी साडेतीन-चारला पोर्ट ब्लेअरला उतरेल, आणि अंधार पडायच्या आत त्याच्या हाती तासभर उजेड असेल.